विहिरीचा सातबारा

गेल्या दीड-दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या ओळखीच्या लोकांनी माझ्याकडे एकच काम आणलं. ‘तू सॉफ्टवेअरवाला ना, मग आमच्याकडे गावांतल्या पाण्याच्या तपासणीचा डेटा पडलाय, तेवढा नकाशावर टाकून दे. लाल-हिरवे ठिपके. तुझं काय, एका रविवारचं काम!’ (आपल्या कामाबद्दल बाहेरच्यांचा अंदाज नेहमी एका रविवारचाच असतो. असो.)

डेटा म्हणजे एक्सेलची फाइल. गावाचं नाव, विहीर क्रमांक, तारीख, पीएच, टीडीएस, नायट्रेट, फ्लोराइड असे कॉलम आणि खाली काही शे ओळी. ही सगळी मंडळी मनापासून काम करणारी. उन्हातान्हात फिरून, पदरचं पेट्रोल जाळून त्यांनी बाटल्या भरून आणलेल्या, लॅबचे पैसेही खिशातून भरलेले. मी फक्त एवढंच विचारलं, ‘यातली विहीर क्रमांक दोन म्हणजे कुठली?’ तिन्ही वेळा थोड्याफार फरकाने एकच उत्तर आलं: ‘म्हणजे... गावातलीच आहे ना.’

हा लेख त्या ‘गावातलीच आहे ना’बद्दल आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पाण्याचा रिपोर्ट हा ‘गावच्या पाण्याचा’ नसतोच. तो एका ठरावीक विहिरीतून, एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक पद्धतीने भरलेल्या एका बाटलीचा असतो. ती विहीर का निवडली आणि ती आहे कशी, हे कुठे लिहून ठेवलेलं नसेल तर लॅबने दशांशचिन्हापुढे तीन आकडे दिले तरी त्याची किंमत रद्दीइतकीच. आपला सगळा उत्साह बाटली आणि नकाशा या दोन टोकांना असतो. मधल्या विहिरीची चौकशी कुणीच करत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे बग रिपोर्टसारखं आहे. ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढंच लिहिलेला बग कुणी तुमच्या अंगावर टाकला तर तुम्ही काय करता? व्हर्जन कुठलं, फोन कुठला, नक्की काय केल्यावर बंद पडलं, हे विचारता. ते मिळाल्याशिवाय हात लावत नाही. मग ‘नायट्रेट ६२’ एवढ्यावर आपण आख्ख्या गावाला लाल ठिपका कसा काय देतो?

आधी पणाला काय लागलंय ते बघू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत नाही. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजलं तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होऊ शकते, बाळ निळसर पडतं. पाणी उकळून हे जात नाही; उलट पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण थोडं वाढतं. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्यावरचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की आधी मुलांच्या दातांवर डाग पडतात, मग मोठ्यांचे सांधे आखडतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागात हे ऐकीव नाही, लोक भोगतायत. तेव्हा लाल-हिरवा ठिपका हा काही शोभेचा प्रकार नव्हे. त्या ठिपक्यावरून कुणीतरी बाई उद्यापासून लांबच्या विहिरीवर जाणार असते, किंवा जवळच्याच विहिरीवर निर्धास्त राहणार असते.

आता जमिनीखाली काय चाललंय ते बघा. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भागाखाली बेसाल्ट आहे, म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. वर माती, मग मुरूम, मग कुठे सच्छिद्र ‘मांजऱ्या’ खडक, कुठे कठीण काळा फत्तर, मध्येच एखादा लाल थर. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांमध्ये. साधी विहीर वरचं, अलीकडे मुरलेलं पाणी देते. खताचं, उकिरड्याचं, शोषखड्ड्याचं नायट्रेट वरून खाली मुरतं, त्यामुळे ते बहुधा आधी या वरच्या पाण्यात दिसतं. बोअर खालच्या भेगांमधलं, खडकाशी जास्त काळ संसर्ग झालेलं पाणी आणते. फ्लोराइड खडकातून येतं, त्यामुळे ते अशा पाण्यात जास्त सापडण्याची शक्यता असते. म्हणजे एकाच आळीतली विहीर आणि तिच्यापासून पन्नास पावलांवरची बोअर हे दोन वेगवेगळे सर्व्हर आहेत. दोघांची सरासरी काढून ‘गावचं नायट्रेट’ सांगणं म्हणजे... जाऊ दे, तुम्हाला कळलं.

त्यात आपल्याकडच्या गमती आणखी वेगळ्या. बोअरला केसिंग पाइप बहुधा वरच्या मुरमापुरता घालतात, खाली नुसतं उघडं भोक. त्यामुळे बोअरमध्ये चार वेगवेगळ्या खोलीच्या भेगांचं पाणी एकत्र येतं आणि बाटलीत येतो तो या सगळ्याचा काला. साध्या विहिरीचंही तसंच. एकदा जुन्नरकडे एका आजोबांना त्यांच्या विहिरीबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘हीर आमच्या आज्यानं पाडली. बहात्तरच्या दुष्काळात बापानं दोन परस खाली नेली. अन् मागच्या दुष्काळात मी तळात बोअर घेतला, आडवं बी मारलंय दोन.’ (परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली.) आता सांगा, ही विहीर आहे की बोअर? रजिस्टरमध्ये तिच्यापुढे ‘विहीर’ एवढाच शब्द असतो. १९७२ च्या आधीची, नंतरची आणि तळात बोअर घेतल्यानंतरची या तीन वेगळ्या विहिरी आहेत, फक्त तोंड एक. तिच्या जुन्या आणि नव्या आकड्यांचा आलेख काढून ‘पाण्याची प्रत बदलली’ म्हणायचं असेल तर आधी विहीरच बदलली, हे कुठेतरी लिहिलेलं हवं. आणि काही विहिरी तर नुसत्या नावाच्या विहिरी असतात! दोन किलोमीटरवरून पाइपलाइनने नदीचं पाणी आणून त्यांत सोडलेलं असतं. तिथला नमुना भूजलाचा नाही, नदीचा.

म्हणून पहिला प्रश्न ‘कुठल्या विहिरी घ्यायच्या?’ हा नाहीच. पहिला प्रश्न ‘आपल्याला विचारायचंय काय?’ हा आहे. मला निदान तीन वेगळे प्रश्न दिसतात आणि प्रत्येकाच्या विहिरी वेगळ्या.

एक: गावातले लोक जे पाणी पितात ते चांगलं आहे का? मग लोक जिथून पाणी भरतात तिथलाच नमुना घ्या. नळ असेल तर नळाचा, हातपंप असेल तर हातपंपाचा. ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल तर ती टाकलेलं पाणी घ्या, कारण लोक तेच पितात. फक्त पावडर कधी टाकली ते लिहा. पावडर पडल्यावर दुसऱ्या दिवशी जंतू सापडले नाहीत, तर त्यातून पावडर चांगली होती एवढंच कळतं, विहीर चांगली आहे हे कळत नाही.

दोन: या भागातल्या भूजलाची एकूण स्थिती काय? इथे आपल्या मर्जीने विहिरी निवडल्या की संपलं. नकाशाचे सारखे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यातून चिठ्ठी टाकून विहीर काढायची. नाहीतर काय होतं? गाडी जाते तिथपर्यंतच्या विहिरी, सरपंचांनी दाखवलेल्या विहिरी आणि जिथे चहा मिळाला तिथल्या विहिरी. किंवा याच्या उलट: ‘आमच्या हिरीचं पाणी मचूळ लागतंय, बघा की’ म्हणणारे लोक आपणहून बोलावतात आणि यादीत बिघडलेल्या विहिरींचीच भरती होते. त्या तपासायलाच हव्यात, प्रश्नच नाही. पण मग त्यावरून ‘तालुक्यातल्या ६० टक्के विहिरी दूषित’ असा मथळा देऊ नका. आणि चिठ्ठी टाकायची तीही एकाच जातीच्या खडकात. अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा म्हणजे पूर्णा नदीचा गाळ. तिथल्या विहिरी आणि डोंगराकडच्या बेसाल्टमधल्या विहिरी एका टोपलीत घालून टक्केवारी काढली तर ती ना इकडची ना तिकडची.

तीन: हा कचरा डेपो, हा कारखाना, हा नाला भूजल बिघडवतोय का? इथे चिठ्ठी कामाची नाही. उताराच्या वरच्या अंगाला एक-दोन विहिरी हव्यात, जिथे त्याचा परिणाम पोचू शकत नाही, आणि खालच्या अंगाला वेगवेगळ्या अंतरावर काही. वरची विहीर नसेल तर समोरचा माणूस आरामात म्हणणार, ‘पाणी आधीपासूनच असं होतं.’ आणि त्याला खोटं पाडायला तुमच्याकडे काहीही नसणार.

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण एका प्रश्नासाठी निवडलेल्या विहिरी दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘जलदूत’ नावाचं अ‍ॅप आणलं. गावातल्या दोन-तीन निवडक विहिरींची पाणीपातळी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर नोंदवायची. कल्पना चांगली आहे. पण सगळी मेख ‘निवडक’ या शब्दात आहे.

विहीर निवडली की तिची फाइल. मी तिला विहिरीचा सातबारा म्हणतो. खऱ्या सातबाऱ्यावर विहीर ‘लागलेली’ असते, पण तिथे तिची नोंद आहे की नाही एवढंच कळतं. मला हवाय तो विहिरीचा स्वतःचा उतारा. ही काही माझी अक्कल नाही. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने १९९७ मध्ये भूजलाच्या गुणवत्तेच्या अभ्यासासाठी विहिरी कशा निवडायच्या, कशा बांधायच्या आणि त्यांची कागदपत्रं कशी ठेवायची, एवढ्याच विषयावर एक अख्खं पुस्तक काढलं. त्याआधी १९९२ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भूजलाच्या प्रत्येक नोंदीत किमान कोणते २१ रकाने असावेत ते ठरवून दिलं होतं. किमान एकवीस! आपल्या एक्सेलमध्ये विहिरीसाठी दोन असतात: गावाचं नाव आणि क्रमांक.

एकवीस जाऊ द्या. माझ्या मते हे एवढं तरी हवंच.

ओळख. प्रत्येक विहिरीला एक कायमचा क्रमांक, जो पुन्हा दुसऱ्या विहिरीला द्यायचा नाही, ती बुजली तरी. गावाच्या नावावर जॉइन मारू नका हो! वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते मोजून बघा. गावाचा सरकारी कोड वापरा.

जागा. अक्षांश-रेखांश, आणि ते कुठल्या पद्धतीने लिहिलेत तेही. कुणी ‘१८.३०’ लिहितो आणि त्याच्या मनात १८ अंश ३० मिनिटं असतात. आपला प्रोग्रॅम ते १८.३० अंश असं वाचतो. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, म्हणजे खरा आकडा १८.५०. फरक ०.२ अंशाचा, जमिनीवर तो होतो २२ किलोमीटर. हडपसरची विहीर पुरंदरच्या डोंगरात जाऊन पडते आणि नकाशा तरीही छान दिसतो. सोबत हाताने काढलेला एक नकाशा: देवळापासून किती पावलं, कुठल्या झाडाच्या कुठल्या बाजूला. आणि दोन फोटो. दहा वर्षांनी जाणाऱ्याला तीच विहीर सापडली पाहिजे.

बांधणी. साधी विहीर, बोअर की विहिरीत बोअर. खोली, व्यास, केसिंग किती फूट, पाणी कितव्या फुटाला लागलं, कधी खोदली, कधी खोल नेली, गाळ कधी काढला. आणि हे कुणी सांगितलं: स्वतः मोजलं, बोअर मारणाऱ्याच्या वहीत होतं, की मालकाच्या आठवणीतलं? मालक खोली सांगताना हातचं राखून सांगू शकतो, हेही ध्यानात ठेवा. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधनं आहेत. मग अनोळखी माणसाला कोण कशाला खरं सांगेल? म्हणून ‘माहितीचा स्रोत’ हा वेगळा रकाना. तो नसेल तर मोजलेला आकडा आणि मारलेली थाप एकाच कॉलममध्ये शेजारी शेजारी बसतात.

मोजण्याची खूण. पाणी किती खाली आहे हे कठड्याच्या कुठल्या बिंदूपासून मोजलं आणि तो बिंदू जमिनीपासून किती उंच आहे? पंचायतीने विहिरीची डागडुजी करून कठडा दोन फूट वाढवला तर पुढच्या वर्षी कागदावर भूजल दोन फूट खाली जातं. पाऊस कितीही झालेला असो.

आजूबाजू. गोठा, उकिरडा, शौचालयाचा खड्डा, उसाचं शेत, नाला किती अंतरावर आणि वरच्या अंगाला की खालच्या. हे दर खेपेला बघायचं, कारण शौचालय मागच्या वर्षी नसतं आणि या वर्षी असतं.

नमुना. पाणी नक्की कुठून भरलं: उपशाच्या पाइपमधून, टाकीतून की पोहऱ्याने? भरण्याआधी किती पाणी वाहू दिलं? बोअरमध्ये साचलेलं पाणी आणि खडकातून येणारं ताजं पाणी यांत फरक असतो, म्हणून साचलेल्याच्या तिप्पट पाणी आधी काढून टाकावं असा एक ठोकताळा आहे. जरा हिशेब करून बघू. सहा इंची बोअरमध्ये मीटरला साडेसतरा लिटरच्या आसपास पाणी मावतं. पन्नास मीटर पाणी उभं असेल तर पावणेनऊशे लिटर, तिप्पट म्हणजे सव्वीसशेच्या वर. इंडिया मार्क टू हातपंप मिनिटाला साधारण बारा लिटर देतो, म्हणजे साडेतीन तासांहून जास्त हापसायचं! कोण हापसणार? म्हणूनच ज्या हातपंपावर सकाळपासून बायका पाणी भरतायत तो निवडायचा, वर काही मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि हातातल्या मीटरवर क्षारांचा आणि तापमानाचा आकडा स्थिर झाला की बाटली भरायची. बघा, विहीर नीट निवडली की निम्मं काम तिथेच होतं.

एकक. हा माझा खास राग. नायट्रेटचा आकडा दोन प्रकारे लिहितात: पूर्ण नायट्रेट म्हणून, किंवा त्यातल्या नुसत्या नायट्रोजनचा. दोन्हींत जवळजवळ साडेचार पटीचा फरक. आपली मर्यादा ४५ आणि अमेरिकेची १०, पण दोन्ही जवळपास एकच आहेत, फक्त मोजायची भाषा वेगळी. आता रिपोर्टवर नुसतं ‘नायट्रेट १२’ लिहिलंय. पहिल्या पद्धतीने असेल तर पाणी उत्तम. दुसऱ्या पद्धतीने असेल तर ते ५३ होतात आणि पाणी बाळाला द्यायचं नाही. एका रकान्याचा प्रश्न आहे.

इथपर्यंत आलं की कुणीतरी म्हणतंच, ‘अरे बाबा, हे सगळं पुस्तकी झालं. काहीच डेटा नसण्यापेक्षा काहीतरी बरा ना?’ मला हे पटत नाही. डेटा नसला की प्रश्न निदान उघडा राहतो. चुकीचा हिरवा ठिपका तो प्रश्न बंद करून टाकतो. ‘आपल्या गावचं पाणी तपासलंय, चांगलं आहे’ असं एकदा पंचायतीत ठरलं की पुढची दहा वर्षं कुणी बाटली भरत नाही.

आणि नुसते मोठे आकडे बघून काय समजतं? केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या पंधरा हजारांहून जास्त ठिकाणांच्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं. नायट्रेट जास्त सापडलेले जिल्हे २०१७ मध्ये ३५९ होते, २०२३ मध्ये ४४० झाले. पेपरात मथळे आले. एखाद्या जिल्ह्यात एकच विहीर बिघडलेली असू शकते, एखाद्यात शेकडो. जिल्ह्यांच्या मोजणीतून ते कळत नाही. प्रदूषण वाढलं की शोधायच्या जागा वाढल्या, हे ओळखायचा एकच मार्ग आहे: त्याच विहिरी, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं. आणि ‘त्याच विहिरी’ म्हणायला आधी फाइल लागते.

फाइल असली की काय होऊ शकतं याचं उदाहरण शेजारी बांगलादेशात आहे. तिथे जंतू असलेल्या तळ्यांऐवजी लोकांना स्वच्छ पाणी मिळावं म्हणून लाखो कूपनलिका घातल्या गेल्या आणि मग कळलं की त्यांपैकी कितीतरींच्या पाण्यात आर्सेनिक आहे. ब्रिटिश भूशास्त्र सर्वेक्षणाने १९९२ मध्ये तिथे पाणी तपासलं होतं, पण आर्सेनिक तपासलंच नव्हतं. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ब्रिटिशांच्या बाजूने निकाल लागला. तो कज्जा बाजूला ठेवू. ढाक्याजवळच्या आराइहजार भागात कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी बांगलादेशी सहकाऱ्यांबरोबर २००० च्या सुमाराला वेगळं काम केलं. पंचवीस चौरस किलोमीटरमधल्या सहा हजारांच्या आसपास कूपनलिका, एकेक करून: जागा, खोली, पाण्यातलं आर्सेनिक. सरासरी काढून आख्खा भाग लाल रंगवला नाही. मग दिसलं की शेजारी शेजारी असलेल्या दोन नळ्यांच्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, त्यात खोलीचा मोठा हात आहे, आणि वाईट नळीचं पाणी पिणाऱ्या बहुतेक लोकांच्या घरापासून शंभर मीटरच्या आत एखादी चांगली नळी आहे. शंभर मीटर! म्हणजे कित्येक कुटुंबांना कुठलंही यंत्र न बसवता, नुसती शेजाऱ्याची नळी वापरून सुटका होती. हे नकाशामुळे कळलं नाही. प्रत्येक नळीची नोंद वेगळी ठेवली म्हणून कळलं.

तुम्ही म्हणाल, आपण शहरातली माणसं, आपला काय संबंध? तर आपल्या सोसायटीचा बोअरच बघा. रिपोर्टवर लिहिलेलं असतं ‘बोअरचं पाणी’. नमुना कुठला? वॉचमनने गच्चीच्या टाकीखालच्या नळातून भरलेला, ज्यात महापालिकेचं, टँकरचं आणि बोअरचं अशी तिन्ही पाणी मिसळलेली. बोअर किती खोल, केसिंग किती? ‘मागच्या कमिटीला माहीत होतं.’ मागची कमिटी फ्लॅट विकून बंगलोरला गेलेली. ज्याने बोअर मारला त्याच्याकडून एक पान लिहून घेतलं असतं तर पुढच्या सगळ्या रिपोर्टांना अर्थ आला असता. कमिटीवर तुमचं कुणी असेल तर या रविवारी ते पान शोधा. नसेल तर तयार करा. बोअर मारणारा अजून धंद्यात असेल तोवरच त्याची वही हाताशी आहे.

आणि ज्यांना शनिवार-रविवार गावांत जाऊन काम करायचंय त्यांना माझं एकच सांगणं. अ‍ॅप नको, डॅशबोर्ड नको, एवढ्यात तरी. दोनशे विहिरींच्या दोनशे बाटल्यांपेक्षा वीस विहिरी घ्या, त्या का घेतल्या ते एका परिच्छेदात लिहा, मालकाला विचारा की पुढची दहा वर्षं आम्ही आलो तर चालेल का, मोजपट्टी सोडून खोली स्वतः मोजा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसून विहिरीचा इतिहास उतरवून घ्या. तो इतिहास दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही. बाटली पुढच्या वर्षीही भरता येते, आजोबांचं तसं नसतं.

हे काम कंटाळवाणं आहे, मान्य. त्याचा स्क्रीनशॉट टाकून कुणी वाहवा करणार नाही. पण आपण ऑफिसात दुसऱ्याने लिहून न ठेवलेल्या गोष्टी शोधण्यात किती रात्री घालवतो ते आठवा, आणि तिथे तर फार फार तर क्लायंट चिडतो. इथे पाणी प्यायचं असतं.